कर्नल विल्यम लॅम्बटन व त्यांचा ओळंबा

चंद्रपूरहून वर्ध्याकडे जाणारी आगगाडी भांदकच्या बाजूने पुढे निघून हिंगणघाटास येते. हे गाव वणा नदीच्या काठी असून कापसाच्या बाजारासाठी त्याची ख्याती आहे. आमच्या जंगलपट्टीतील पुष्कळ मंडळी ह्या गावावरून जातात येतात. परंतु तेथे एका इंग्रज कर्नलाची कबर आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. ह्या गृहस्थांचे देहावसान तेथे २० जानेवारी १८२३ रोजी एका प्रवासी तंबूत झाले. त्यांनी कोणताही किल्ला सर केला नाही, की कोणते राज्य खालसा केले नाही. वीस वर्षे ते हिंदुस्थानची भूमी साखळीने मोजीत उत्तरेकडे चालले होते, आणि त्या मोजणीतून पृथ्वीचा खरा आकार काय, हे जगास सांगावे एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांचे नाव विल्यम लॅम्बटन.

त्यांच्या चरित्रास हात घालण्यापूर्वी एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण तिच्यावाचून ह्या गृहस्थांनी आयुष्य कशासाठी झिजविले हे कळावयाचे नाही. वजन आणि वस्तुमान ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण बाजारात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो, व तेथे त्याने काही बिघडत नाही. परंतु वस्तुमान म्हणजे एखाद्या वस्तूत द्रव्य किती भरले आहे त्याचे प्रमाण. आणि वजन म्हणजे त्या द्रव्यास पृथ्वी ज्या जोराने आपल्याकडे ओढते तो जोर. पहिले वस्तूचे स्वतःचे असते. दुसरे अर्धे वस्तूचे आणि अर्धे पृथ्वीचे, असे म्हटले तरी चालेल.

वैनगंगेवर धान्याच्या पोत्यांनी भरलेला डोंगा पाहावा. पोत्यांचे व डोंग्याचे सारे वजन पाण्याने तोलून धरिले आहे. तळाशी कोणी उचलून धरावयास नको. तरी तो डोंगा काठावरून ढकलावयास लागले म्हणजे तो सहज हलत नाही. आणि एकदा चालू लागला की त्यास हाताने एकाएकी थांबविणाऱ्याची त्रेधा उडते. रिकामा डोंगा मात्र एका धक्क्यात निघतो. येथे आडवे ढकलावयाचे असल्यामुळे वजनाशी आपली गाठच नाही. हलविण्यास व थांबविण्यास जो विरोध होतो तो वस्तुमानाचा. शास्त्रात ह्या विरोधास जडत्व म्हणतात. हाच भरलेला डोंगा चंद्रावरच्या एखाद्या नदीत असता (तेथे नदी नाही, ही गोष्ट निराळी), तर त्याचे वजन सहाव्या हिश्श्याएवढे भरले असते. परंतु त्यास ढकलून चालता करावयास तितकाच जोर लागला असता.

मोहफुले वाळली म्हणजे हलकी होतात, त्याचा ह्याच्याशी घोटाळा करू नये. तेथे फुलांतील पाणीच उडून जाते, म्हणजे वस्तुमानच कमी होते, व त्यामागून वजनही. आपण ज्या भेदाविषयी बोलत आहो त्यात द्रव्याचा कणही जात नाही व येत नाही. जागा तेवढी बदलते.

जागा बदलल्याने वजन बदलते, हे प्रथम एका घड्याळाने दाखविले. १६७२ साली झां रिशे हे फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेतील कायेन बेटावर, विषुववृत्तापासून पाच अंशांवर, ग्रहांचे वेध घ्यावयास गेले. पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्यांचे लंबकाचे घड्याळ तेथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळात बिघाड नव्हता. लंबकाच्या गोळ्याचे वस्तुमान तेच होते, परंतु पृथ्वी त्यास कमी जोराने ओढीत होती, म्हणून तो सावकाश झुलत होता. सर आयझॅक न्यूटन ह्यांनी ह्यावरून अनुमान काढले की पृथ्वी आपल्याभोवती फिरत असल्यामुळे कमरेशी फुगली असून ध्रुवांशी चपटी झाली असली पाहिजे. विषुववृत्तावरील मनुष्य पृथ्वीच्या मध्यापासून अधिक दूर असतो, आणि शिवाय फिरण्याच्या वेगाने त्याचा भार थोडा हलका होतो. ह्या दोन कारणांनी तेथे वजन कमी. न्यूटन ह्यांनी आणखी एक गोष्ट केली. सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी व गहू हे नऊ पदार्थ सारख्या डब्यांत भरून त्यांचे लंबक केले, आणि ते सारे बरोबरीने झुलतात असे दाखविले. म्हणजे एकाच ठिकाणी वजन हे वस्तुमानाच्या प्रमाणातच असते, मग पदार्थ सोने असो की गहू. बाजारात हे दोन शब्द एक करून चालते ते ह्यामुळेच.

आज हे आकडे बारकाईने ठाऊक आहेत. पृथ्वीची विषुववृत्ताकडील त्रिज्या ६३७८ किलोमीटर व ध्रुवाकडील ६३५७, म्हणजे एकवीस किलोमीटरांचा फरक. ध्रुवावर खरा ठरविलेला स्प्रिंगचा काटा विषुववृत्तावर नेला तर एका क्विंटलमागे अर्धा किलो कमी दाखवील. लंडनला खरा ठरविलेला तसलाच काटा चंद्रपुरात आणला तर क्विंटलमागे पाव किलोहून किंचित अधिक तूट येईल. कन्याकुमारीहून आणला तर उलट सुमारे पन्नास ग्रॅम वाढ दिसेल. दोन पारड्यांच्या तराजूत मात्र ह्यातील काहीच दिसावयाचे नाही. कारण जेवढी ओढ मालाची कमी होते तेवढीच पलीकडच्या वजनाचीही होते. तराजू वस्तुमानांची तुलना करितो. स्प्रिंग ओढ मोजते. व्यापाऱ्यांचे नवे काटे ज्या गावी वापरावयाचे त्याच भागात खऱ्या वजनांनी ताडून त्यांवर शिक्का मारितात, हे किती शहाणपणाचे आहे ते ह्यावरून दिसेल.

आता लॅम्बटन ह्यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १७५३ च्या सुमारास इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात नॉर्थअलर्टन गावाजवळ एका साधारण स्थितीच्या कुटुंबात झाला. घरी पैसा नव्हता. परंतु शाळेत गणितात त्यांची बुद्धी चमकली. १७८१ साली ते पलटणीत अगदी खालच्या दर्जाचे अंमलदार म्हणून दाखल झाले व ३३ व्या पलटणीबरोबर अमेरिकेतील लढाईवर गेले. तेथे यॉर्कटाऊनच्या शरणागतीत ते कैदी झाले. सुटकेनंतर न्यू ब्रन्सविक प्रांतात लष्करी बराकींची देखरेख करण्याचे रुक्ष काम त्यांच्या गळ्यात पडले, आणि त्या एकांतात त्यांनी तेरा वर्षे काढिली. दुसरा कोणी असता तर पत्त्यांत व मद्यात बुडाला असता. ह्यांनी गणिताचे व पृथ्वीमापनाचे ग्रंथ वाचून काढिले. त्याच काळात सूर्यग्रहण पाहताना डोळ्यावर काळी काच न धरल्यामुळे त्यांचा डावा डोळा अधू झाला, असे सांगतात. पुढे ज्या मनुष्याने हजारो वेध दुर्बिणीतून घेतले, त्याने ते एका डोळ्यावर घेतले.

१७९७ च्या सुमारास ते हिंदुस्थानात आपल्या पलटणीत परत रुजू झाले. पलटणीचे कर्नल होते आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आले तेच. १७९९ साली टिपू सुलतानाशी अखेरची लढाई झाली. श्रीरंगपट्टणानजीक एका रात्री जनरल बेअर्ड ह्यांची तुकडी काळोखात वाट चुकली. लॅम्बटन ह्यांनी आकाशाकडे पाहून ओळखिले की आपण दक्षिणेकडे छावणीस परतत नसून उत्तरेकडे शत्रूच्या तोंडात चाललो आहो. त्यांनी तसे कळविले. जनरलांस एका कनिष्ठाने ताऱ्यांच्या आधारे वाट शिकवावी हे रुचले नाही. परंतु होकायंत्र उजेडात धरून पाहता तारे खरे ठरले, व तुकडी वाचली. मितभाषी आणि काहीशा अवघडल्या स्वभावाच्या ह्या अंमलदाराकडे वरिष्ठांचे लक्ष गेले.

लढाई संपताच लॅम्बटन ह्यांनी सरकारपुढे एक योजना मांडिली. मद्रासेच्या किनाऱ्यापासून मलबारच्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची एक साखळी मोजावी, आणि दुसरी एक साखळी कन्याकुमारीकडून सरळ उत्तरेकडे न्यावी. सरकारास हवे होते नकाशे, कारण मुलूख नवा हाती आला होता व त्याची वसुली करावयाची होती. लॅम्बटन ह्यांस हवी होती पृथ्वी. दोन्ही कामे एका खर्चात होतील असे त्यांनी दाखविले. ह्यात लबाडी नव्हती, तरी शहाणपण पुष्कळ होते. मद्रासच्या सरकारातील एका सभासदास ही सारी उठाठेव व्यर्थ वाटली. श्रीरंगपट्टणास जावयाचे तर पालखीच्या भोयांस सांगितले की झाले, असे त्याचे मत होते. इंग्लंडात मेजर रेनेल हे नकाशांचे मोठे जाणते. त्यांसही आरंभी ही मोजणी अनावश्यक वाटली. त्यांचे मन वळविले ते राजज्योतिषी नेव्हिल मॅस्कलिन ह्यांनी.

मॅस्कलिन ह्यांस हे काम का पटले, ते येथे सांगणे अवश्य आहे. गवंड्याचा ओळंबा सर्वांनी पाहिला आहे: दोरीस लोंबणारा शिशाचा गोळा, भिंत सरळ आहे की नाही हे सांगणारा. ओळंबा पृथ्वीच्या ओढीच्या दिशेने सरळ उभा राहतो. परंतु द्रव्याचा प्रत्येक कण दुसऱ्यास ओढतो, हे न्यूटन ह्यांचे म्हणणे खरे असेल तर जवळचा मोठा डोंगरही ओळंब्यास थोडा आपल्याकडे ओढील. १७७४ साली मॅस्कलिन ह्यांनी स्कॉटलंडातील शिहॅलियन पर्वताच्या दोन्ही बाजूंस ओळंबे लावून ताऱ्यांच्या आधाराने ते पाहिले, आणि दोन्ही बाजूंची ओळंब्यांची ओढ मिळून सुमारे साडेअकरा विकलांची भरली. त्यावरून डोंगराच्या मानाने सबंध पृथ्वीत द्रव्य किती, ह्याचा हिशोब झाला. पृथ्वी सरासरीने पाण्याच्या साडेचारपट घन आहे असे उत्तर आले. आज ते साडेपाच धरितात. पृथ्वी कोणत्या तराजूत घालणार? तिला वजन असे नाहीच, कारण तिला उचलून धरून तोलावयास खाली दुसरी पृथ्वी नाही. परंतु तिला वस्तुमान आहे, आणि ते एका दोरीने व एका गोळ्याने काढता आले.

हीच दोरी लॅम्बटन ह्यांच्या कामाचा प्राण होती. पृथ्वीची वक्रता मोजावयाची रीत अशी आहे. दोन गावांतील अंतर जमिनीवर मोजावे. मग दोन्ही ठिकाणी ओळंबा लावून, त्याच्या रेषेपासून एकच तारा किती कोनावर आहे ते पाहावे. दोन्ही कोनांतील फरक म्हणजे त्या दोन गावांमधील पृथ्वीची वाक. एक अंश वाकण्यास विषुववृत्ताजवळ सुमारे ११०.६ किलोमीटर चालावे लागते व ध्रुवाजवळ सुमारे १११.७, कारण चपट्या भागावर वाक हळूहळू येते. हा फरक एवढासा. आणि तो पकडावयाचा तर हात व यंत्र दोन्ही निर्दोष पाहिजेत.

यंत्रांची कथाही मनोरंजक आहे. पोलादी साखळी आणि ओळंबा लावलेले ताऱ्यांचे वेधयंत्र ही चीनच्या बादशहाकडे लॉर्ड मॅकार्टनी ह्यांच्या वकिलातीबरोबर गेलेली होती. तेथे त्यांची कदर झाली नाही. ती कलकत्त्यास आली व लॅम्बटन ह्यांनी मिळविली. कोन मोजण्याचे मोठे थिओडोलाइट यंत्र लंडनच्या केरी ह्या कारागिरांकडून मागविले. त्याची गोल चकती तीन फुटांची असून सारे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. वाटेत ते नेणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. परंतु पेटीत काय आहे हे पाहताच तेथील फ्रेंच गव्हर्नरांनी ते शास्त्राचे साधन म्हणून आदराने मद्रासकडे रवाना केले. दोन राष्ट्रे एकमेकांच्या जिवावर उठली असता घडलेली ही गोष्ट आहे.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पायारेषेची मोजणी सुरू झाली. साखळी १०० फुटांची, अडीच फुटांच्या चाळीस कांबींची. ती लाकडी पेट्यांत सरळ ठेवून, उन्हापासून झाकून, शेजारी उष्णतामापक लावून पुढे सरकवीत जावयाची. कारण उन्हाने पोलाद वाढते, आणि केसाएवढ्या वाढीचाही हिशोब ठेवणे भाग होते. साडेसात मैलांच्या रेषेसाठी ती सुमारे चारशे वेळा मांडावी लागली. ह्या एका रेषेवर पुढची सारी त्रिकोणे उभी राहिली. मग लांबी मोजण्याचे काम थोडे, कोन घेण्याचे काम फार. टेकडीवरून टेकडीवर, जेथे टेकडी नाही तेथे देवळाच्या गोपुरावर, अशी ही मंडळी चालली. लॅम्बटन ह्यांचे सहायक बहुतेक मद्रासच्या अनाथाश्रमातून शिकून आलेली मुले होती. त्यांपैकी जोशुआ डी पेनिंग ह्यांनी त्यांच्या हाताखाली आयुष्याची उमेद घालविली. बाहेरगावचे जाणते लोक ह्या पोरांस पाहून नाक मुरडीत असतील. परंतु त्यांचे कोन चुकत नसत.

१८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर देवालयावर मोठा अनर्थ झाला. थिओडोलाइट गोपुरावर दोरांनी चढवीत असता त्यास आवरून धरणारा आडवा दोर तुटला, आणि ते झुलत जाऊन भिंतीवर आदळले. वाचकहो, आपण वर ज्या भेदाविषयी वाचले तो येथे लोखंडाच्या अक्षरांनी लिहिलेला आहे. यंत्राचे वजन वरच्या दोराने अखेरपर्यंत तोलून धरिले होते. ते खाली जमिनीवर पडले नाही. आडव्या दिशेने चालू लागलेले अर्ध्या टनाचे वस्तुमान भिंतीने एकदम थांबविले, आणि त्या थांबण्याने चकती वाकडी झाली. लंडनहून दुसरे यंत्र यावयास वर्षे गेली असती, आणि सरकारास काम बंद करावयास निमित्त मिळाले असते. लॅम्बटन ह्यांनी यंत्र घेऊन तंबूत कोंडून घेतले. सहा आठवडे ते पाचरी, स्क्रू व पुल्ल्या लावून चकती केसाकेसाने ओढीत पूर्वस्थितीवर आणीत होते. ती आली. ह्याच यंत्रावर पुढची मोजणी झाली.

तरीही एक कोडे सुटेना. दक्षिणेतील अंशांची लांबी ताडून पाहता उत्तरेकडे ती वाढावयाच्या ऐवजी घटत असल्यासारखी दिसे. म्हणजे न्यूटन ह्यांच्या उलट पृथ्वी ध्रुवांकडे लांबट आहे, असा अर्थ निघू लागला. लॅम्बटन ह्यांनी साखळी पुनः तपासली, कोन पुनः तपासले. अखेर त्यांचा संशय बंगळुराजवळील एका ठिकाणच्या ओळंब्यावर गेला. तेथे शेजारी मोठा डोंगर नव्हता. तेव्हा जमिनीखालीच एखादा भारी द्रव्याचा थर असून तो ओळंब्यास बाजूस ओढीत असावा, असे त्यांनी ठरविले. ते ठिकाण सोडून रेषा दक्षिणेकडे वाढविली, व हिशोब जुळला. जो मनुष्य जन्मभर दोरीवर विश्वास ठेवून चालला, त्याने दोरीही फसू शकते हे मान्य केले, आणि फसविणारा डोळ्यांस न दिसणारा असताही त्यास ओळखिले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कर्तृत्वात हा क्षण सर्वांत थोर आहे. आमच्या सुरजागडासारख्या लोहखनिजाने भरलेल्या डोंगराजवळ ओळंब्याने व लंबकाने काय करावे, हे आता भूगर्भशास्त्रज्ञ ह्याच तत्त्वावर सांगतात; वजनातील अतिसूक्ष्म फरक मोजून ते जमिनीखालचे द्रव्य ओळखितात.

कन्याकुमारीजवळच्या पुन्नैपासून बीदरनजीकच्या दामरगिड्यापर्यंत जवळजवळ दहा अंशांची रेषा मोजून झाल्यावर लॅम्बटन ह्यांनी आपला हिशोब लंडनच्या रॉयल सोसायटीस पाठविला, व तो १८१८ साली छापला गेला. पृथ्वीचा चपटेपणा सुमारे तीनशेंत एक भाग असा त्यातून निघाला. आज उपग्रहांच्या साहाय्याने तो २९८ त एक ठरला आहे. १८१७ साली रॉयल सोसायटीने त्यांस सभासद करून घेतले, आणि पॅरिसच्या विज्ञानपरिषदेनेही त्यांचा मान केला. १८१८ पासून त्यांचे खाते मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरलांच्या हाताखाली आले व त्यास ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळाले. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट हे तरुण अधिकारी त्यांचे मुख्य सहायक झाले.

एव्हरेस्ट ह्यांचा पहिला अनुभव आमच्या भागास परका वाटावयाचा नाही. १८१९ च्या पावसाळ्यात ते कृष्णा व गोदावरी ह्यांमधील जंगलात, येल्लापुरमच्या बाजूस, मोजणीस गेले. गोदावरीच्या अलीकडे आमचा सिरोंचा तालुका. रान एकच, आणि ताप एकच. हिवतापाने जवळजवळ सारी टोळी पडली. काही माणसे परत आली नाहीत, आणि स्वतः एव्हरेस्ट अंगातील शक्ती गमावून १८२० साली हवापालटासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकास गेले. तेथेही त्यांस ओळंब्याचेच कोडे भेटले. ला काय ह्या फ्रेंच ज्योतिष्यांनी १७५२ साली तेथे मोजलेला अंश जुळत नव्हता. जवळचे डोंगर ओळंब्यास ओढीत असले पाहिजेत, हे एव्हरेस्ट ह्यांनी दाखवून दिले.

इकडे लॅम्बटन सत्तरीकडे झुकले होते. खोकल्याने त्यांस जर्जर केले होते. त्यांनी मोजलेला मुलूख दीड लाख चौरस मैलांच्या वर गेला होता, आणि रेषा वऱ्हाडापर्यंत येऊन पोहोचली होती. कोणीही त्या वयात निवृत्त होऊन मद्रासेस किंवा विलायतेस गेला असता. ते हैदराबादेचे ठाणे हलवून नागपुरास निघाले, कारण काम उत्तरेकडे होते. नागपूर पन्नास मैलांवर राहिले असता हिंगणघाटाच्या मुक्कामी त्यांचा प्राण गेला. एव्हरेस्ट त्या वेळी दुसऱ्या कामावर दूर होते. ज्या गावी पायारेषा नाही, वेधशाळा नाही, अशा ठिकाणी वीस वर्षांची मोजणी थांबली, व कर्नलांस तेथेच मूठमाती देण्यात आली.

मोजणी थांबली ती काही काळच. एव्हरेस्ट ह्यांनी रेषा वऱ्हाडातून सिरोंजपर्यंत आणि पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. १८४१ साली ती पूर्ण झाली, तेव्हा सबंध लांबी एकवीस अंशांहून अधिक भरली. ह्या उत्तरेकडील भागात सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि हिमालयाच्या बाजूचे कलियाना ह्या दोन ठाण्यांमधील अंतर दोन रीतींनी काढिले. साखळीने व त्रिकोणांनी एक उत्तर आले. ओळंब्याने व ताऱ्यांनी दुसरे. फरक ५.२४ विकलांचा. एक किलोमीटर लांबीची दोरी टांगली तर तिचे टोक जेमतेम अडीच सेंटिमीटर बाजूस सरेल, एवढाच तो. परंतु जमिनीवर त्याने दीडशे मीटरांहून अधिकची तफावत होते.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे धर्मोपदेशक असून उत्तम गणिती होते. हिमालयाच्या एवढ्या थोर राशीने ओळंबा किती ओढला पाहिजे, ह्याचा हिशोब त्यांनी मांडिला, आणि तो १८५५ साली प्रसिद्ध झाला. उत्तर आले जवळजवळ १५.९ विकला. म्हणजे हिमालय ओढीत होता, पण असावयास पाहिजे त्याच्या एकतृतीयांशानेच. जो पर्वत डोळ्यांस जगात सर्वांत मोठा दिसतो, त्यात द्रव्य कोठे तरी कमी पडत होते.

त्याच वर्षी राजज्योतिषी जॉर्ज एअरी ह्यांनी उलगडा केला, आणि त्यासाठी पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडांच्या ताफ्याचा दृष्टांत घेतला. आमच्या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांस तो समजावून सांगावयास नको. शेजारी शेजारी तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकी एखादा पाण्यावर अधिक उंच दिसला तर तो अधिक जाड आहे, आणि पाण्याखालीही तो अधिक खोल गेला आहे, असे आपण तात्काळ ओळखितो. पर्वतांचे तसेच आहे. त्यांच्या खाली हलक्या द्रव्याची मुळे खोलवर गेलेली असून ती खालच्या भारी थरात बुडालेली आहेत. वरची रास ओळंब्यास ओढते. खाली भारी द्रव्याची जागा हलक्याने घेतल्यामुळे ती ओढ पुष्कळशी फिटते. प्रॅट ह्यांनी पुढे निराळी उपपत्ती सुचविली, की पर्वतांखालील द्रव्यच विरळ आहे. दोन्हींत तथ्य आहे असे पुढील शास्त्रज्ञांनी ठरविले.

ओळंब्याने ओढीची दिशा कळते; ओढीचा जोर कळावयास लंबक पाहिजे. म्हणून १८६५ पासून कॅप्टन जेम्स बॅसेव्ही ह्यांनी हिंदुस्थानच्या दक्षिण टोकापासून लंबक झुलवीत त्याच रेषेवरून उत्तरेकडे प्रवास केला. ठाण्यामागून ठाणे त्यांनी त्याच धातूच्या, त्याच वस्तुमानाच्या लंबकाचे झोके दिवसेंदिवस मोजले. बदलत होते ते केवळ वजन. १८७१ साली ते लडाखमधील मोरे मैदानावर, पंधरा हजार फुटांहून अधिक उंचीवर पोहोचले. तेथील झोक्यांवरून पर्वताखाली द्रव्याची तूट आहे हे प्रत्यक्ष सिद्ध झाले. परंतु त्या उंचीवरील थंडीने व श्रमाने बॅसेव्ही ह्यांचा १७ जुलै १८७१ रोजी तेथेच अंत झाला. राहिलेले काम कॅप्टन हेव्हिसाइड ह्यांनी हाती घेतले. ते लंबक घेऊन एडनमार्गे इंग्लंडास गेले, आणि क्यू येथील वेधशाळेत ते अखेरचे झुलवून त्यांनी मोजणी पुरी केली.